फी पेरणीच्या महिन्यात येते, कागद दिवाळीतच करून ठेवा

आमच्या भागात कॉलेजची फी आणि पेरणी एकाच वेळी अंगावर येतात. मृग लागला की बियाणं, खत, मजुरी. त्याच दिवसांत बारावीचा निकाल लागलेला असतो आणि पोरगी कॉलेजचं नाव घेऊन बापासमोर उभी असते. कास्तकाराच्या घरी पैसा येतो दसरा-दिवाळीला, सोयाबीन विकल्यावर. मग कापूस, मग तूर. जून-जुलैत घरात जे होतं ते वावरात पेरून झालेलं असतं. मग फीसाठी उरतो सावकार, नाहीतर आईच्या कानातलं, नाहीतर बैल.

आमच्या घरचे बैल गेले. २०११ साली मला एका खासगी इंजिनीअरिंग कॉलेजात प्रवेश मिळाला. फी ६७ हजार. आम्ही कुणबी, म्हणजे ओबीसी. साडेचार एकर कोरडवाहू. पण माझ्याजवळ ना नॉन-क्रिमीलेयर (घरचं उत्पन्न मर्यादेत असल्याचा दाखला) होतं ना जात वैधता (जात तपासून मिळणारं प्रमाणपत्र), म्हणून प्रवेश झाला तो खुल्या जागेवर, पूर्ण फीवर. बाबांनी जुलैत बैलजोडी विकली. त्या वर्षी पोळ्याला आमची दावण रिकामी होती. आईनं मातीचे बैल मांडून पूजा केली. दुसऱ्या वर्षाची फी काही उभी राहिली नाही आणि मी घरी परत आले. पुढे एका सेतूत, म्हणजे सरकारी दाखले काढून देणाऱ्या केंद्रात, कामाला लागले आणि तिथे बसून मुक्त विद्यापीठातून बीए केलं. तिथेच कळलं की माझी निम्मी शिक्षण फी शासन भरत होतं. आमचे कागद कमी पडले होते.

आता दारव्हा तालुक्यात माझं स्वतःचं आपले सरकार सेवा केंद्र आहे. गाव त्याला सेतूच म्हणतं. धाकट्या भावाचं शिक्षण मी या खुर्चीत बसून केलं, आणि दरवर्षी जूनमध्ये समोर जी गर्दी होते ती पाहून हे लिहावंसं वाटलं. ज्यांच्या घरी यंदा अकरावीचा मुलगा किंवा मुलगी आहे त्यांनी हे आजच वाचावं. बारावीवाल्यांनी तर लगेच कामाला लागावं.

कागद: अकरावीच्या दिवाळीत सुरुवात

सगळ्यात जास्त वेळ जातो तो जात वैधतेला, म्हणून सुरुवात तिथून. आधी उपविभागीय अधिकाऱ्यांकडून जातीचा दाखला, मग जिल्ह्याच्या जात पडताळणी समितीकडे अर्ज. अकरावी-बारावी विज्ञानाच्या मुलांचा अर्ज कॉलेजमार्फत जातो, तेव्हा कॉलेजातल्या बाबूला गाठून 'यंदाचे अर्ज कधी पाठवता' हे विचारा. पुरावा जुना लागतो. अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५०च्या आधीचा, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१च्या आधीचा, ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७च्या आधीचा. आदिवासींची समिती वेगळी असते आणि त्यांना ६ सप्टेंबर १९५०च्या आधीचा पुरावा लागतो.

हा पुरावा म्हणजे बहुतेक वेळा आजोबांच्या शाळेतला दाखल-खारीजचा उतारा. आजोबा शाळेतच गेले नसतील तर तहसीलच्या अभिलेख कक्षात कोतवाल बुकाची नक्कल मागा. त्यात जन्म-मृत्यूच्या नोंदीसमोर जात लिहिलेली असते. माझ्या आजोबांची नोंद मला एका पडक्या शाळेच्या रजिस्टरात मिळाली, पान अर्धं वाळवीनं खाल्लेलं. मुख्याध्यापकांनी ते पान हातावर धरून उतारा लिहून दिला. म्हणून म्हणते, उशीर करू नका, रजिस्टरं टिकत नाहीत. वडिलांची, सख्ख्या काकाची किंवा मोठ्या भावंडाची वैधता आधीच झाली असेल तर काम पुष्कळ सोपं होतं.

उत्पन्नाचा दाखला, अधिवास, नॉन-क्रिमीलेयर, खुल्या प्रवर्गातल्यांसाठी ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल घटकाचा दाखला), हे बाकीचे कागद महिनाभरात होतात. पण यांना मुदत असते. उत्पन्नाचा आणि नॉन-क्रिमीलेयरचा दाखला ३१ मार्चला संपतो. डिसेंबरात काढलेला दाखला जूनमध्ये चालेल असं समजून बसू नका, दाखल्यावरची तारीख वाचा. नॉन-क्रिमीलेयर तीन वर्षांचा मिळत असेल तर तीन वर्षांचाच मागा. मी घरोघरी सांगते: जुने पुरावे गोळा करणं आणि वैधता दिवाळीत, उत्पन्न, नॉन-क्रिमीलेयर आणि ईडब्ल्यूएस एप्रिल लागल्यालागल्या. एप्रिल-मेमध्ये सेतूत गर्दी नसते. जूनमध्ये सर्व्हर बसतो आणि आमचंही डोकं चालत नाही.

दाखल्याच्या प्रतिज्ञापत्रासाठी स्टॅम्प पेपर आणायला लावतात, आणि आता तो पाचशेचा. जात, उत्पन्न, रहिवास अशा दाखल्यांसाठी शासकीय कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे, साध्या कागदावर चालतं. कुणी स्टॅम्प मागितला तर शांतपणे हे सांगा. चार दाखल्यांचे दोन हजार तिथेच वाचतात.

आणि नाव. टीसीवर 'ज्ञानेश्वर', आधारवर 'ग्यानेश्वर', बँकेत 'डी. एस.'. या एका गोष्टीनं मी कितीतरी अर्ज अडकलेले पाहिले. दहावीच्या गुणपत्रिकेवर जसं नाव आहे तसंच आधारवर करून घ्या. एका मामांनी मला विचारलं होतं, "ताई, एका अक्षरानं काय होते?" त्यांच्या मुलाचे त्या वर्षीचे एकवीस हजार अडकले, ते पुढच्या मार्चमध्ये आले.

कॉलेज निवडताना फी एकटी पाहू नका

गावातली माणसं विचारतात, "फी किती हाय?" मी विचारते, राहणार कुठे, जेवणार कुठे, येणार-जाणार कसं? वर्षाचा एकूण खर्च एका पानावर मांडा. तालुक्याच्या अनुदानित कॉलेजात बीएस्सी, घरून डबा आणि एसटीचा पास, हा खर्च पुण्यातल्या नुसत्या खोलीच्या भाड्यापेक्षा कमी असतो. एसटीच्या विद्यार्थी पासात भाड्याचा एक तृतीयांशच भाग भरावा लागतो. मुलींना बारावीपर्यंत शाळेसाठीचा पास मोफत आहे, आणि महिलांना मार्च २०२३पासून एसटीत निम्मं तिकीट आहे.

इंजिनीअरिंगकडे कल असेल तर दहावीनंतरच्या शासकीय तंत्रनिकेतनाचा विचार जरूर करा. यवतमाळ, अमरावती, अचलपूर, खामगाव, मूर्तिजापूर, आर्वी, ब्रह्मपुरी, गडचिरोली, सगळीकडे आहेत. डिप्लोमा झाला की पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळतो. माझ्या भावानं तेच केलं: यवतमाळला डिप्लोमा, मग अमरावतीचं शासकीय अभियांत्रिकी. अकरावी-बारावीच्या शिकवण्यांचा सगळा खर्च वाचला, आणि मध्येच थांबायची वेळ आली असती तरी हातात नोकरीपुरतं शिक्षण होतं. पोराला दहावीतच एवढं ठरवता येईल का, हा प्रश्न खरा आहे. ज्याला येत नाही त्याला ढकलू नका.

खासगी व्यावसायिक कॉलेजची मंजूर फी किती, हे शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर कॉलेजनिहाय पाहता येतं. प्रवेशाआधी त्या पानाची प्रिंट काढून घ्या. त्याहून जास्त रक्कम 'डेव्हलपमेंट', 'युनिफॉर्म', 'ट्रेनिंग' अशा नावांनी मागितली तर पावती मागा. देणगी घेणं महाराष्ट्रात १९८७च्या कायद्यानं बंद आहे.

आता सगळ्यात महाग पडणारी चूक सांगते. सीईटी, म्हणजे राज्याची प्रवेश परीक्षा घेणाऱ्या सीईटी सेलच्या कॅप फेरीतूनच (केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतूनच) प्रवेश घ्या. संस्था स्तरावरच्या किंवा मॅनेजमेंटच्या जागेवर प्रवेश घेतला की ओबीसी, ईबीसी (आर्थिकदृष्ट्या मागास), ईडब्ल्यूएसची फीसवलत जाते. दरवर्षी मे महिन्यात गावोगावी चारचाकी गाड्या फिरतात, 'सीईटी कशाला, आम्ही थेट अॅडमिशन करून देतो, आता फक्त पाच हजार द्या' म्हणतात. त्या पाच हजारांत तुमची शिष्यवृत्ती विकली जाते. परराज्यातल्या नर्सिंग कॉलेजांची नावं घेऊन येणारेही असतात. राज्याच्या बहुतेक योजना तिथे चालत नाहीत. अभिमत आणि खासगी स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठांतही मुलींच्या फीमाफीचा लाभ नाही. नाव 'विद्यापीठ' दिसलं की आधी हेच विचारा.

कॅपचा ऑप्शन फॉर्म भरताना टीएफडब्ल्यूएसचे पर्याय वर टाका. प्रत्येक अभ्यासक्रमाला पाच टक्के जास्तीच्या जागा असतात, त्यावर शिक्षण फी पूर्ण माफ. जात विचारत नाहीत, उत्पन्न आठ लाखांच्या आत हवं आणि गुण चांगले हवेत. आमच्याकडे चांगले गुण असलेली खुल्या प्रवर्गातली मुलंही हा पर्याय भरायचं विसरतात, कारण फॉर्म भरून देणारा घाईत असतो.

कुणाला काय मिळतं

मुलींपासून सुरू करते, कारण मोठा बदल तिथे झाला आहे. ८ जुलै २०२४च्या शासन निर्णयानं ईडब्ल्यूएस, एसईबीसी (मराठा समाजाचा प्रवर्ग) आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ झाली. आधी निम्मी होती. अट कॅपमधून प्रवेशाची आणि आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाची. हा निर्णय मी माझ्या सेंटरच्या दारावर चिकटवून ठेवला आहे. ज्यांना 'मुलीला इंजिनीअरिंग परवडत नाही' असं वाटतं त्यांनी आधी तिला सीईटीला बसवावं.

ओबीसी मुलांना व्यावसायिक अभ्यासक्रमाला निम्मी शिक्षण फी परत मिळते. विमुक्त जाती, भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गाला पूर्ण. खुल्या प्रवर्गासाठी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, निम्मी फी, आठ लाखांची मर्यादा, एका घरातल्या दोन मुलांपर्यंत. अनुसूचित जातीला अडीच लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, त्यात फी आणि निर्वाह भत्ता दोन्ही. त्यावर उत्पन्न गेलं तरी फ्रीशिप, म्हणजे फीमाफी आहे. फीचा काही भाग थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो आणि तो लगेच कॉलेजला भरायचा असतो. हे घरी आधीच सांगून ठेवा. ऐन फवारणीच्या दिवसांत खात्यात पैसे दिसले की ते औषधाच्या दुकानात जातात, आणि मग कॉलेज परीक्षेच्या वेळी अडवतं.

पण आमच्याकडच्या मुलांचं शिक्षण फीपेक्षा राहण्या-खाण्यावर जास्त तुटतं. इथल्या योजना लोकांना सर्वांत कमी माहीत आहेत. पहिला अर्ज शासकीय वसतिगृहाला करा. नंबर लागला नाही तर अनुसूचित जाती-नवबौद्धांना डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना: नागपूर-पुण्यासारख्या शहरात वर्षाला ६० हजार, इतर महापालिका आणि विभागीय शहरांत ५१ हजार, जिल्ह्याच्या ठिकाणी ४३ हजार. ओबीसी, भटक्या-विमुक्तांना त्याच धर्तीवरची ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. आदिवासी मुलांना पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना. कॉलेज ज्या गावात आहे त्या गावचे तुम्ही रहिवासी नसावे. खोलीचा भाडेकरार लागतो, म्हणून खोली घेताना घरमालकाला हे आधीच विचारा. काही मालक करार देत नाहीत. अशी खोली शंभर रुपयांनी स्वस्त असली तरी घेऊ नका.

खुल्या प्रवर्गातल्या अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांना डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता मिळतो. पापळच्या एका कास्तकाराच्या घरून निघालेल्या या माणसानं अमरावतीत सगळ्या जातींच्या मुलांसाठी श्रद्धानंद छात्रालय काढलं होतं. खोलीच्या भाड्यासाठी शिक्षण सुटू नये ही काळजी त्यांनी तेव्हाच केली. त्यांच्याच नावाचा भत्ता आमच्या भागात न मागता पडून राहावा, हे मला बघवत नाही. सातबारा, आठ-अ आणि तहसीलचा अल्पभूधारक दाखला काढून ठेवा.

अजून एक. उन्हाळ्यात बाबा बांधकामावर जातात का? आमच्या गावातले निम्मे लोक जातात. बांधकाम कामगार मंडळात नोंदणी करायला वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. नोंदणी जिवंत असेल तर पहिल्या दोन मुलांना मंडळ शैक्षणिक मदत देतं. पदवीला वर्षाला २० हजार, इंजिनीअरिंगला ६० हजार. नोंदणीचं नूतनीकरण चुकवलं की हे सगळं बंद.

केंद्राच्या पोर्टलवर बारावीला बोर्डात वरच्या वीस पर्सेंटाइलमध्ये आलेल्या, साडेचार लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या मुलांना पदवीच्या तीन वर्षांत दरवर्षी १२ हजार मिळतात, आणि तंत्रशिक्षणातल्या मुलींना एआयसीटीईची (केंद्राच्या तंत्रशिक्षण परिषदेची) प्रगती शिष्यवृत्ती, वर्षाला ५० हजार. मात्र दुसरी शिष्यवृत्ती चालू असताना या मिळत नाहीत. कागदावर दोन्ही रकमा मांडा, जास्त असेल ती घ्या. आणि तालुका दुष्काळी जाहीर झाला असेल तर परीक्षा फीमाफीचं कॉलेजात विचारा. आपणहून कुणी सांगत नाही.

महाडीबीटीचा अर्ज

महाडीबीटी म्हणजे राज्याच्या शिष्यवृत्त्यांचं पोर्टल. तिथला अर्ज स्वतः भरा किंवा भरणाऱ्याच्या शेजारी बसा. दरवर्षी भरावा लागतो. पहिल्या वर्षी भरला म्हणून पुढे आपोआप चालू राहतो असं नाही, दुसऱ्या वर्षी नूतनीकरण करावंच लागतं. याच एका चुकीनं माझ्या ओळखीच्या चार मुलांनी दुसऱ्या वर्षाला पूर्ण फी भरली.

बापाचा नव्हे, मुलाचा स्वतःचा मोबाइल नंबर आधारला जोडा. रिचार्ज संपून नंबर बंद पडला की ओटीपी येत नाही. पैसे अर्जात लिहिलेल्या खात्यात जात नाहीत. जे खातं शेवटी आधारशी जोडलं त्यात जातात. एका मुलीनं सिमकार्डच्या दुकानात बोट लावलं होतं, तिथे तिच्या नावानं एका पेमेंट बँकेचं खातं उघडलं गेलं. सहा महिने ती स्टेट बँकेत चकरा मारत होती आणि पैसे त्या दुसऱ्या खात्यात पडून होते. बँकेत जाऊन 'डीबीटी कोणत्या खात्याला लागलं आहे' एवढंच विचारा.

अर्ज भरला की काम संपत नाही. तो आधी कॉलेजच्या लॉगिनला जातो. तिथला क्लार्क जोवर पुढे पाठवत नाही तोवर तो तसाच पडून असतो. दर पंधरा दिवसांनी स्थिती पाहा. 'परत पाठवला' असं दिसलं तर त्याच आठवड्यात दुरुस्त करा.

जुलैमधल्या पैशासाठी

शिष्यवृत्तीचे पैसे उशिरा येतात, हे धरूनच चाला. प्रवेशावेळी काही रोख लागतेच. माझ्या घरी आम्ही सीतादही (कापूस वेचणीच्या सुरुवातीची पूजा) झाली की पहिल्या वेचणीच्या कापसाचे पैसे वेगळ्या खात्यात टाकायचो, आवर्ती ठेव म्हणून. २०१९पासून एकही वर्ष चुकवलं नाही. रक्कम मोठी नव्हती, पण जुलैत ती होती. कॉलेजला हप्ते मागताना तोंडी मागू नका, प्राचार्यांच्या नावानं अर्ज लिहा, त्याची पोच घ्या, सोबत महाडीबीटीच्या अर्जाची पावती जोडा.

तरीही कमी पडलं तर सावकाराच्या आधी बँक. शैक्षणिक कर्जाला चार लाखांपर्यंत आपला हिस्सा भरावा लागत नाही, साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही, आणि हप्ते शिक्षण संपून एक वर्षानं सुरू होतात. अर्ज विद्यालक्ष्मी पोर्टलवर करा म्हणजे नोंद राहते. तोंडी गेलात तर शाखेत 'नंतर या' म्हणून परत पाठवतात आणि हाती काहीच राहत नाही. उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल तर व्यावसायिक अभ्यासक्रमासाठी शिक्षणाच्या काळातलं व्याज केंद्र सरकार भरतं, त्यासाठी बँकेत उत्पन्नाचा दाखला वेळेवर द्या. ओबीसी महामंडळाचीही व्याज परताव्याची योजना आहे. कर्ज मात्र राहण्या-खाण्याच्या मोठेपणासाठी घेऊ नये, आणि ज्या कॉलेजातून नोकरी लागत नाही तिथल्या फीसाठी तर नाहीच.

भाऊ अमरावतीत तिघांत मिळून खोलीत राहायचा, माणशी १,८०० रुपये. खानावळ एक वेळची लावली; सकाळचं स्वतः करायचे. दर पंधरवड्याला गावातून येणाऱ्या एसटीनं पीठ, तुरीची डाळ, तिखट जायचं. पुस्तकं वरच्या वर्गातल्या मुलांकडून निम्म्या किमतीत, नाहीतर कॉलेजच्या बुक बँकेतून. कॉलेजात 'कमवा आणि शिका' योजना आहे का हे पहिल्याच आठवड्यात विचारा. दोन तास ग्रंथालयात काम केलं की खोलीच्या भाड्याला हातभार लागतो.

मूळ कागदपत्रं कॉलेजात पडू देऊ नका. पडताळणीला दाखवा, झेरॉक्स द्या, मूळ परत घ्या. माझी टीसी आणि गुणपत्रिका त्या कॉलेजनं उरलेल्या फीसाठी अडवून ठेवली होती, आणि एक अख्खं वर्ष मला दुसरीकडे कुठेच प्रवेश घेता आला नाही. मूळ कागद अडवून ठेवायला यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) मनाई आहे, हे तेव्हा मला माहीत नव्हतं. माहीत असतं तर मी अर्ज लिहिला असता. प्रवेश रद्द करायचा असेल तर तेही लेखी आणि शेवटच्या तारखेच्या आत. बहुतेक फी परत मिळते.

शेवटच्या वर्षी टीसी काढताना ग्रंथालयाची आणि प्रयोगशाळेची अनामत परत मागा. पहिल्या वर्षाची पावती जपली असेल तरच ती मिळते. भावाची पावती आईनं धान्याच्या कोठीवरच्या पत्र्याच्या डब्यात ठेवली होती, रेशनकार्डासोबत. अनामतीचे ते दीड हजार घेऊन तो घरी आला तेव्हा कापसाचा हंगाम होता, बाबा वावरात होते. आईनं पैसे मोजले आणि पुन्हा त्याच डब्यात ठेवले, माझ्या मुलीच्या नावानं. ती आता सातवीत आहे. पुढच्या वर्षी आठवीत गेली की तिला एनएमएमएसच्या शिष्यवृत्ती परीक्षेला बसवायचं आहे; निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२ हजार मिळतात. तिचं जातीचं प्रमाणपत्र मी गेल्याच दिवाळीत काढलं.